न थांबलेली गाडी

क्लच सकाळीच गेला होता. गाडी वाळूत एकदा थांबली की पुन्हा निघणार नाही, हे मयूरला आणि शेजारी बसून नकाशावरून रस्ता वाचून दाखवणाऱ्या त्याच्या बायकोला, वल्लरीला, पक्कं ठाऊक होतं. वर्ल्ड कपच्या स्टेडियमचं काम आटोपलं की मयूरची नोकरी संपणार होती. कतारच्या वाळवंटातली ही त्याची शेवटची मोटारशर्यत. निदान ती पुरी करायची होती. अकरा किलोमीटर उरले होते.

उतारावर एक गाडी उलटून पडली होती. अपघातानंतर धडधाकट असाल तर मागून येणाऱ्यांना हिरवी पाटी दाखवायची, असा नियम. तिथे कुणीच काही दाखवत नव्हतं.

“मयूर, थांब.”

“थांबलो की खलास. मागचे बघतील.”

“आपल्यामागे कुणी नाहीये.”

“मग पोचल्यावर सांगू. वर्षभर राबलोय गं.”

वायरलेसला रेंज नव्हती. अकरा किलोमीटर म्हणजे वीस मिनिटं, वल्लरीने हिशेब केला. वीस मिनिटं फार नाहीत, असं स्वतःला बजावून तिने पुढचं वळण वाचलं.

पोचताक्षणी तिने धावत जाऊन आयोजकांना सांगितलं. हेलिकॉप्टर गेलं आणि मृतदेह घेऊन आलं. माणूस सीटच्या पट्ट्यात उलटा लटकून गुदमरला होता. हेलिकॉप्टर पोचण्याच्या दहाएक मिनिटं आधीपर्यंत जिवंत असावा, असं डॉक्टर म्हणाले.

“आपण तरी काय करणार होतो?” मयूरने विचारलं.

“पट्टा कापला असता,” वल्लरी म्हणाली.