फाशावर नसलेला सात

"फेका फासा!" आकडेबाबांनी आरोळी ठोकली आणि खचाखच भरलेलं सभागृह चिडीचूप झालं. फळ्यावर भलामोठा आकडा होता: १४२८५७. फासा चारावर पडला. चेल्याने कॅल्क्युलेटर बडवला. "पाच लाख एकाहत्तर हजार चारशे अठ्ठावीस!"

"बघा! तेच सहा अंक! फक्त जागा बदलल्या. फासा काहीही पडो, हा आकडा अढळ! गळ्यात बांधा, तुमचं शरीरही अढळ! पण सुई टोचलीत, तर आकडा कोपेल हां!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. गर्दीत बसलेल्या एका शिंप्याच्या अंगावर काटा आला. त्याने मांडीवरच्या आपल्या पोरीच्या गळ्यातली त्या आकड्याची चिठ्ठी चाचपली. पोर नऊ वर्षांची, मधुमेही. रोज चार वेळा इन्सुलिनची सुई. आज सकाळची त्याने दिलीच नव्हती. दोनदा मापल्याशिवाय कापडाला कात्री न लावणारा हा गडी, पण आज पोरीची साखर काही त्याने मापली नव्हती. पोर मलूल होऊन सारखं पाणी मागत होती.

तेवढ्यात त्याच्या सासूबाई तरातरा आत आल्या. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेली बाई.

"जावईबापू, सुई दिलीत का?"

"ते... बाबा म्हणाले..."

सासूबाईंनी पिशवीतून साखर मापायचं मशीन काढून पोरीच्या बोटाचा थेंब घेतला. चारशे बारा! त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. "लगेच सुई द्या आणि घेऊन या," डॉक्टर म्हणाले. पण शिंपी पोरीला घट्ट धरून बसलेला. "नको हो, कोप होईल!"

सासूबाई गर्रकन वळल्या. "ओ बाबा, सातने गुणा बरं!"

"फाशावर सात नसतो, माई."

"म्हणूनच तर तुम्ही फासा आणलाय!"

गर्दीतून कुणीतरी फोनवर गुणाकार केला. "अगंबाई! नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव! सगळे नऊच!"

बाबा खोकायला लागले. शिंप्याने चिठ्ठी तोडून फेकली. "द्या इकडे सुई," तो म्हणाला. टोचलीही त्यानेच.

दवाखान्यात पोरीची साखर उतरली, तेव्हा सासूबाईंनी कापडाच्या पट्टीवर ते सहा अंक लिहिले आणि टोकं टाचणीने जोडली. "एकाला सातने भागा. दशांशचिन्हानंतर हेच अंक फिरून फिरून येतात. दोनाला भागा, पाचाला भागा, फेरा तोच, फक्त सुरुवात दुसरीकडून. साताला भागलं की पूर्ण एक, फेरा खलास; म्हणून तर सातने गुणल्यावर सगळे नऊ आले. चमत्कार कसला, भागाकार आहे!"

शिंप्याने पट्टी बोटांत गरगर फिरवली. आकडा खरंच सुंदर होता. मग त्याचे डोळे भरून आले.

आता तो गिऱ्हाइकांना पट्टी दाखवतो आणि बजावतो, "कुणी आकडा दाखवला की आपल्या मनाचा अंक घेऊन गुणून बघा. आणि औषध बंद करा म्हणाला, तर तिथून उठाच. मी बसून राहिलो होतो हो, लेकरू मांडीवर घेऊन."