उन्नतीची डावी दाढ

मित्रांनो, मी एक किडलेली दुधाची दाढ आहे. उन्नती दहा वर्षांची होईपर्यंत मी टिकायला हवं होतं. ती पाचची असतानाच मला उपटलं.

ती आईच्या पोटात होती, तेव्हाच तिच्या हिरडीत माझा अंकुर धरला होता. ती दीड वर्षाची झाल्यावर मी वर आले. त्या दिवसांत ती फार रडली. लाळ गळायची, हाती येईल ते चावायची. मग उकडलेल्या तुरीचे दाणे माझ्याखाली पहिल्यांदा फुटले, तेव्हा तिची आजी इंदूबाई कौतुकानं शेजारणींना सांगत सुटली.

घर खापरखेड्याच्या कॉलनीत. आई मोनाली सकाळीच नागपूरला, मिहानमधल्या कंपनीत कामावर जायची. मागं पोर रडू लागली की इंदूबाई साखर घातलेल्या दुधाची बाटली द्यायची. बाटली तोंडात धरूनच उन्नती झोपायची आणि ते गोड दूध दुपारभर माझ्याभोवती साचून राहायचं. आधी पांढरा डाग पडला, मग तपकिरी, मग खड्डा. मोनाली म्हणाली, डॉक्टरला दाखवू.

"दुधाचेच दात हायेत वं, पडूनच जातीन," इंदूबाई म्हणाली. "त्याले दवाखाना काहून पाह्यजे?"

खड्ड्यात लवंग दाबली गेली. उन्नती एकाच बाजूनं चावू लागली, नंतर दुधात कुस्करलेली पोळीच तेवढी गिळायची. अंगणवाडीत गाणं म्हणेनाशी झाली. मला तिची वेदना कळत होती, कारण ती माझ्यातूनच जात होती.

एका सकाळी तिचा गाल सुजून डोळा मिटला. अंगात ताप. नागपूरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढून दाखवला: पू हाडापर्यंत गेला होता आणि माझ्याखाली कायमचा दात वाट पाहत होता. तो चांगला येईल ना, असं मोनालीनं विचारलं. येईल तेव्हाच कळेल, असं उत्तर मिळालं.

मला काढल्यावर इंदूबाई बाकावर बसून राहिली.

"मीच देत होती वं बाटली," ती म्हणाली.

मोनालीनं तिच्याकडे पाहिलं नाही.

मला त्यांनी फेकलं नाही, औषधाच्या रिकाम्या डबीत ठेवलं. इंदूबाई आता रोज ओलं फडकं घेऊन नातीचे उरलेले दात पुसायला बसते. उन्नती ओठ घट्ट मिटून तोंड फिरवते. मोनाली आणि इंदूबाई कामापुरतंच बोलतात.

मित्रांनो, घरात लहान बाळ असेल, तर त्याच्या तोंडात वाकून पाहत जा. आम्ही पडणारच असतो, हे खरं. पण आमचा पडायचा दिवस आम्हाला गाठू द्या.