सुतकातली वेल

गोदावरी मॅडम बोलल्या नाहीत असा दिवस त्या गल्लीत कधी उगवला नाही, आणि त्यांचं बारा आणे बोलणं शेजारच्या पार्बताबाईच्या अंगणावरच खर्च व्हायचं. जन्मभर शाळेत गणित शिकवून रिटायर झालेली बाई, घरात एकटी. वर्ग सुटला, पण खोड थोडीच सुटते? सकाळी चहाचा कप घेऊन कंपाउंडच्या भिंतीशी उभ्या राहायच्या, की झालं सुरू. तुमच्या शेवग्याचा पाला आमच्याकडे पडतो. तुमच्या शेवग्याची फुलं आमच्या रांगोळीवर पडतात. तुमच्या शेवग्यावरचे सुरवंट आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांत शिरतात. आणि ते तुराट्यांचं कुंपण काय हो? अमरावतीत राहता की गोठ्यात?

अंगण तरी केवढं? हातरुमालाएवढं. पण पार्बताबाईचा नवरा किसनराव हिवरखेडचा, पानमळ्यात जन्मलेला आणि पानमळ्यातच म्हातारा झालेला. विहिरीनं दगा दिला, मळा मोडला. लेकानं, कुंदननं, अमरावतीत घर बांधलं आणि मायबापाला घेऊन आला. येताना म्हाताऱ्यानं काय आणावं? पितळेची भांडी राहिली गावात, आणि मळ्यातली एक वेल कुंडीत घालून, मांडीवर धरून एसटीनं आणली. मोडल्या मळ्यातलं तेवढंच काय ते उरलं होतं. पानवेल आपल्या पायावर उभी राहत नाही, तिला झाड लागतं. म्हणून दाराशी शेवगा लावला, तो अंगानं भरला तशी त्याच्यावर वेल चढवली, भोवती तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, उभ्या केल्या, वर हिरवी नेट ताणली. दाराशीच का, तर दुसरीकडे जागाच नव्हती.

मग म्हाताऱ्याचे नियम. आत जायचं तर आंघोळ करून. चप्पल कुंपणाबाहेर. घरात सुतक असलं तर वेलीकडे फिरकायचंसुद्धा नाही, वेल रुसते. रुसली की पिवळी पडते, पिवळी पडली की गेली.

"देऊळ आहे का हो हे?" मॅडम भिंतीवरून विचारायच्या. "उन्हात अनवाणी काय जाता? पाय भाजतील या वयात."

"वेल म्हंजे माय हाय मॅडम. मायच्या आंगावर जोडे घालून जाते का कोनी?" किसनराव हसायचे आणि पाच पानं तोडून भिंतीवर ठेवायचे. रोजची पाच पानं. मॅडम पानं उचलायच्या आणि बोलणं जिथं तुटलं होतं तिथून पुढं चालू करायच्या. बाप्पा, काय बाई होती!

पार्बताबाई मात्र त्यांच्याशी एक शब्द बोलायची नाही. आत चुलीवर ठेवल्यासारखी खदखदायची. एकेक उत्तर तिच्या ओठावर यायचं, असं झणझणीत की मॅडमचा चहा गार झाला असता. पण नवरा डोळ्यानं दाबायचा. "बोलू दे वं तिले," म्हणायचा. "बोलत्या तोंडाले कुलूप नसते. अन् घरात बोलाले कोन हाय तिले?" मग पार्बताबाई ते उत्तर गिळायची. गिळलेली उत्तरं पोटात राहतात, कुठं जात नाहीत.

होळीनंतर मात्र मॅडम जास्तच बोलून गेल्या. शेवग्याची एक फांदी वाऱ्यानं मोडून त्यांच्या तुळशीवर पडली होती. त्या तिरमिरीत त्या म्हणाल्या, "दारात शेवगा लावूच नये. घरातला कर्ता माणूस टिकत नाही म्हणतात."

कुंदन गाडी पुसत होता. त्यानं ते ऐकलं. पार्बताबाईनं ऐकलं. किसनरावांनीही ऐकलं, आणि पाच पानं भिंतीवर ठेवली.

आणि चैत्रात एका सकाळी चहा पिऊन, कप खाली ठेवून, किसनराव भिंतीला टेकले ते टेकलेच. ना दुखणं, ना दवाखाना. कुंदन "बाबा, बाबा" करत राहिला, सून वर्षाली रडत रस्त्यावर धावली. पार्बताबाईनं कप उचलला, मोरीत नेऊन विसळला आणि पालथा ठेवला.

तेव्हापासून तिला काही वाटेनासं झालं.

हिवरखेडच्या बायका आल्या, गळ्यात पडून रडल्या. तिनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "रड वं माय," मोठी नणंद माणिकबाई म्हणाली, "नाई रडली तं छातीत बसन." पार्बताबाईला रडायचं नव्हतं असं नाही. येतच नव्हतं, त्याला ती काय करणार? दाताच्या डॉक्टरनं सुई मारल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं तिचं सगळं अंग झालं होतं. वाढलं तर खायची. झोप म्हटलं तर आडवी व्हायची. डोळे उघडे असायचे, ते पंख्याकडे.

मॅडमसुद्धा पहिल्या दिवशी येऊन गेल्या. कोपऱ्यात बसल्या. पार्बताबाई वाट पाहत होती, आता म्हणतील, मी म्हटलं नव्हतं का? पण मॅडम काहीच बोलल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या आणि उठून गेल्या. त्या दिवसापासून भिंतीपलीकडून आवाज नाही. सगळी गल्ली चकित. पार्बताबाईला त्याचंही काही वाटलं नाही.

बोलला तो कुंदन. बापाच्या मरणाचा राग कुणावर तरी काढायचाच होता बिचाऱ्याला. "तेरवी झाली का त्या शेवग्याले उभा ठेवत नाई," तो म्हणाला. "त्या बाईचं तोंड अन् हे झाड, दोन्ही बाबाले भोवलं. माय, तू काय म्हनतं?"

"तोड," पार्बताबाई म्हणाली.

"पन आई, वेल?" वर्षालीनं हळूच विचारलं. "शेवगा तोडला तर वेल पण जाईल ना."

"जाऊ दे."

वर्षालीनं नवऱ्याकडे पाहिलं. कुंदननं मान फिरवली. त्यानं त्याच दिवशी फोन करून झाडं तोडणारा माणूस ठरवून टाकला.

तशीही वेल राहणार कुठं होती? बाहेर ऊन असं की दुपारी दाराच्या कडीला हात लावायची सोय नाही. असल्या उन्हात पानवेलीला एक दिवस पाणी चुकलं तर ती माना टाकते, आणि इथं तर घरभर सुतक. गावात एका घरी सुतक पडलं तर भावकीबाहेरचा कुणीतरी न सांगता त्याच्या मळ्याला पाणी द्यायचा. किसनरावांनीच कितीजणांच्या मळ्यात पाणी धरलं होतं. इथं अमरावतीत कोण देणार? सांगायचं कुणाला? शेजारी कोण, तर मॅडम. कुंदन मेला असता तरी त्यांच्या दाराशी गेला नसता. वर्षालीला कुणी विचारलं नाही, पार्बताबाईनं पंख्यावरची नजर काढली नाही, आणि तुराट्या-नेटच्या आड डोकावून पाहायला कुणी गेलं नाही. रोज कधीतरी तिच्या मनात यायचं, आज पिवळी पडली असन. आज गळाली असन. आपल्या माणसानं मांडीवर धरून आणलेली वेल मरते आहे आणि आपल्याला वाईटसुद्धा वाटत नाही, हे तिला दिसत होतं. दुसऱ्याच कुण्या बाईचं दिसावं तसं दिसत होतं.

तेरवीची सकाळ उजाडायची होती. आचारी गल्लीत येऊन भट्टी लावत होते, घरातले अजून उठायचे होते. पार्बताबाईला पहाटेच जाग आली. आत उकडत होतं म्हणून ती दार उघडून पायरीवर येऊन बसली. वेलीकडे पाहायचं नाही असं काही तिनं ठरवलं नव्हतं. पाहून काय करायचं, एवढंच.

नजर गेली ती चपलांवर.

तुराट्यांच्या कुंपणाबाहेर, किसनराव ठेवायचे त्याच जागी, चपला काढून ठेवल्या होत्या. बायकी, जाड तळव्याच्या, गुडघेदुखीवाल्यांना डॉक्टर घ्यायला लावतात तसल्या. आणि कुंपणाच्या आतून कुणीतरी पुटपुटत होतं.

"दोन-दोन बादल्या लागतात बाईसाहेबांना. एकीवर भागत नाही. माझे गुडघे गेले तरी चालतील, हिची मुळं ओली राहिली पाहिजेत. आणि तो शहाणा जाऊन बसला वर, हिला कोणावर टाकून गेला म्हणते मी?"

पार्बताबाई उठली. कुंपणापर्यंत गेली आणि तिथंच थांबली, आत जायला तिला अजून सुतक होतं. फटीतून तिनं पाहिलं. ओल्या केसांचा अंबाडा घातलेल्या गोदावरी मॅडम, अनवाणी, साडीचा ओचा वर खोचून, एका हातानं शेवग्याचा आधार घेत वाकल्या होत्या आणि लोट्यानं वेलीच्या बुडाशी पाणी सोडत होत्या. धार हळू, माती उकरणार नाही अशी. अगदी किसनराव सोडायचे तशी. आणि वेल हिरवीगार. बुडाची एक-दोन पानं पिवळी, बाकी वरपर्यंत नुसती हिरवी.

मॅडमनी मान वर केली. चोरी पकडल्यासारख्या गोऱ्यामोऱ्या झाल्या.

"मला सुतक नाही," त्या घाईनं म्हणाल्या. "आंघोळ करून आले आहे. चपला बाहेर आहेत." मग लोटा बादलीत टाकून म्हणाल्या, "भिंतीवरून पाइपच टाकणार होते. पण बुडाशी जोरात पाणी मारायचं नाही म्हणायचे ना ते. इतकी वर्षं ऐकतेय. आणि पार्बताबाई, ते शेवग्याचं मी जे बोलले..."

"बादली काढा!"

आपला आवाज पार्बताबाईला आधी ओळखूच आला नाही.

"काय?"

"बादली काढा तथून! कोंबावर ठेवली ना तुमी. नवा कोंब हाय तो, दिसत नाई का? भिंतीवरून तं मोठं समदं दिसते तुमाले!"

मॅडमनी घाबरून बादली उचलली. खाली एवढासा कोंब होता, वाकलेला, पण मोडला नव्हता. तो पाहिला आणि पार्बताबाईच्या आतलं काय सुटलं कोण जाणे. पोटात साठलेलं सगळं एकदम वर आलं. "पाला पडते म्हन्ता. झाडाचा पाला नाई पडन तं का लाडू पडन? रांगोळीचं येवढं हाय तं घरात काढा, कोन नाई म्हनते! सुरवंट! सुरवंट का आमी पाळले? गोठा म्हन्ता आमच्या आंगनाले! अन् कर्ता मानूस टिकत नाई म्हने. असं म्हन्ते का कोनी? त्यानं आयकलं नं ते! आयकून बी पानं देल्ली तुमाले! त्याच दिवशी देल्ली! असा मानूस, असा मानूस माहा..."

आणि ती रडली. तुराट्यांना दोन्ही हातांनी धरून, गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं रडली. आचारी झारा हातात धरून उभे राहिले. कुंदन बनियनवरच बाहेर धावत आला, त्याच्या मागं वर्षाली, तिच्या मागं माणिकबाई. "रडू द्या तिले," माणिकबाई म्हणाली, "कोनी हात लावू नोका."

मॅडम कुंपणाच्या आत बादली धरून उभ्या होत्या. जन्मात पहिल्यांदा त्या सगळं ऐकून घेत होत्या आणि मधे तोंड घालत नव्हत्या. डोळे त्यांचेही वाहत होते, पण हातात बादली असल्यानं पुसता येत नव्हते.

बऱ्याच वेळानं पार्बताबाईचा हुंदका बसला. पदरानं नाक पुसून तिनं लेकाकडे पाहिलं.

"तो झाड तोडनारा सांगतला ना तू? त्याले नोको म्हून सांग. शेवग्याले हात लावशीन तं याद राख."

"नाई लावत, माय," कुंदन म्हणाला. तोही रडत होता.

मग ती कुंपणाकडे वळली. "पाच पानं तोडा," ती मॅडमला म्हणाली. "मले आत येता येत नाई. खालची नोका तोडू, मधली तोडा. देठासकट."

मॅडमनी बादली जपून, कोंबापासून लांब ठेवली आणि पानं तोडली. एकेक मोजून. तोडून कुंपणावरून तिच्यापुढं धरली.

"मले काहाले? तुमचीच हायत ते. तो देत व्हता ना रोज." पार्बताबाईनं एक लांब श्वास घेतला. "आज येवढं पानी देऊन घ्या. उद्यापासून मी देतो. तुमी आपल्या भिंतीपल्याडून बोलत जा."