बॉक्सच्या आतला आकडा

वाचकहो, आरंभीच निवेदन करतो की पुढील कथा दोन बॉक्स, एक अँप्लिफायर आणि एका माणसाने वेळेवर न उच्चारलेले एक वाक्य यांविषयी आहे. तीत कोणी मरत नाही, कोणाचे घर जळत नाही. तथापि जे घडले ते जसेच्या तसे मांडण्याचा संकल्प केला आहे, आणि तो शेवटपर्यंत पाळला जाईल.

ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवणाऱ्या दिव्यानीने गुडघे टेकले आणि लहान बॉक्सच्या पाठीवरील धूळ ओढणीच्या टोकाने पुसली. धुळीखालून पत्र्याची पाटी निघाली. पाटीवर आठचा आकडा होता व पुढे ओहमची खूण होती. तिने बोट ठेवून तो आकडा दोनदा वाचला. नंतर शेजारच्या मोठ्या बॉक्सची पाटी वाचली. तेथेही आठच होता.

"आठ आन् आठ," ती म्हणाली. "दोन्ही एका मशीनवर टाकले तं चार. मशीन चारपर्यंत ओढते. जमते."

हे गणित ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी एवढेच सांगणे पुरेसे आहे की, बॉक्सचा हा आकडा जितका लहान तितका अँप्लिफायरवर भार अधिक, आणि सारखे दोन बॉक्स एकत्र जोडले की आकडा निम्मा होतो. दिव्यानीच्या मशीनवर, म्हणजे अँप्लिफायरवर, स्पष्ट छापले होते की चारच्या खाली जाऊ नये. मोठ्या बॉक्समध्ये पंधरा इंची एकच स्पीकर होता. त्यातून सुराची खोली मिळते, परंतु सूर पसरट होतो. लहान बॉक्समध्ये दहा इंची दोन होते. त्यांतून बोटाचा घाव स्वच्छ उमटतो व लांब पोहोचतो. एकाने भागणार नव्हते. दोन्ही हवे होते.

चंद्रपूरच्या जटपुरा गेटाच्या आत बाबूभाईंचे हे दुकान. स्पीकर दुरुस्त करणे व बॉक्स भाड्याने देणे हा त्यांचा व्यवसाय. दुकानातील फळ्यांवर आणि डब्यांवर निरनिराळ्या अक्षरांत मराठी मजकूर होता. बाबूभाईंना उर्दू येई, मराठी लिहिता येत नसे. म्हणून समोर जे गिऱ्हाईक उभे असेल त्याच्याकडून ते लिहवून घेत. आज स्वतः बाबूभाई नव्हते. त्यांच्या पत्नी जमीलाबाई किल्ली घेऊन उभ्या होत्या.

"वो तो मयत में गये बल्लारशा. फोन घर पेच भूल गये," त्या म्हणाल्या. "मेरेकू बॉक्स देना मालूम, लगाना नई मालूम, बेटा. टेंपो में चढाना है तो बोलो, वो भी चढा दूँगी."

"मीटर हाये का, चाची? एकदा मोजून घेतलं असतं."

"मीटर उनकी थैली में."

दिव्यानीने मागे वळून पाहिले. ऑर्केस्ट्राचा कीबोर्डवादक प्रवीण टेंपोच्या दोरीची गाठ सोडत होता.

"प्रवीणभाऊ, तुमी तं इथी नेहमी येता. हा लहान बॉक्स आठचाच हाये ना?"

गाठ सुटली होती, तरी प्रवीणची बोटे ती सोडत राहिली.

"पाटीवर काय लिवलं हाये?"

"आठ."

"तं मंग."

तिने मान डोलावली आणि बॉक्सला हात घातला.

दिव्यानीला त्या दिवशी चूक परवडणारी नव्हती. महिनाभरापूर्वी ब्रह्मपुरीच्या कार्यक्रमात ऑर्केस्ट्राचे चालक सोमाजीभाऊ सहज मागच्या खुर्चीवर जाऊन बसले होते आणि तेथे त्यांना बेस गिटारचा एकही सूर ऐकू आला नव्हता. परतताना गाडीत ते म्हणाले होते, "धानोऱ्याले मी पुन्हा मागं बसतो. आयकू आला, तं तू. नाई आला, तं प्रवीणचा डावा हात." आसपासच्या जिल्ह्यांतील इतर सर्व ऑर्केस्ट्रांनी बेस गिटार केव्हाच सोडून दिली होती, कीबोर्डच्या डाव्या बाजूला ते काम होऊन जाते. दिव्यानीला जाण्यासाठी दुसरे ठिकाण उरले नव्हते.

आणि प्रवीण? ती येण्यापूर्वी पाच वर्षे तो डावा हात सबंध ऑर्केस्ट्राचा पाया होता. सोमाजीभाऊ माइकवरून सांगत, "आमचा प्रवीण, एका माणसात दोन माणसं." ती आल्यापासून तो हात वाजवताना मांडीवर पडून असे.

धानोऱ्याला कॉलेजचे स्नेहसंमेलन होते. आसपासच्या गावांतील मुली पाचच्या बसने परतणार होत्या, म्हणून कार्यक्रम दुपारी दोनला ठेवलेला होता. मैदानाच्या पलीकडे सागाची झाडे, अलीकडे मंडप, मंडपाच्या टोकाला फळ्यांचा स्टेज. दिव्यानीने मोठा बॉक्स खाली ठेवला, त्यावर लहान बॉक्स चढवला, दोन्ही वायरी मशीनला जोडल्या. मशीन प्रवीणच्या बाजूला आले. तिने जाड तार छेडली.

प्लास्टिकच्या खुर्च्या थरथरल्या. मागे स्वयंसेवकांची जेवणाची पंगत बसली होती. तेथून कोणीतरी ओरडले.

"पोरी, हळू!" ड्रमवर बसलेला अजय हसला. "त्यायच्या ताटातली वांग्याची भाजी चालून राह्यली."

"चालू दे. भाऊपर्यंत गेली पायजे."

सोमाजीभाऊंनी शेवटच्या रांगेतून दुपट्टा हलवला. ऑर्केस्ट्रात आल्यापासूनच्या चार महिन्यांत दिव्यानीने प्रथमच मोकळा श्वास सोडला असावा, असे तिच्या खांद्यांवरून दिसले. तिच्या गिटारच्या वरच्या काठावर गाण्यांची चिठ्ठी चिकटवलेली होती. दर कार्यक्रमाला प्रवीणच ती सर्वांसाठी लिहून देई; नववीपर्यंतच शिकला असला तरी अक्षर त्याचे सुरेख होते.

"प्रवीणभाऊ, जोडी जमली," ती म्हणाली.

प्रवीणने पाण्याची बाटली उघडली आणि न पिता बंद केली.

कार्यक्रम सुरू झाला. गायिका रीता पहिल्याच गाण्यात मंडप जिंकून गेली. दुसरे, तिसरे, चौथे गाणे झाले. प्रवीणचे लक्ष मात्र पट्ट्यांवर कमी आणि मशीनवर अधिक होते. चौथ्या गाण्यानंतर त्याला तापलेल्या वार्निशचा वास आला. त्याने अजयकडे पाहिले; अजयला वास आलेला नव्हता. त्याने दिव्यानीकडे पाहिले. ती डोळे मिटून वाजवत होती. हाक मारण्यासाठी दोन गाण्यांमध्ये पुरेसा वेळ होता. तो वेळ गेला.

नववे गाणे चालू असताना मशीनवरील लाल दिवा लागला आणि गाण्याखालची जमीन निघून गेली.

ऐकणाऱ्यांना हे लगेच कळत नाही. गाणे चालूच राहते, फक्त ते अधांतरी होते. दिव्यानीने डोळे उघडले. तिची बोटे तारांवर चालत होती आणि त्यांतून काहीही निघत नव्हते. तिने मागे वळून लाल दिवा पाहिला, नंतर शेवटच्या रांगेकडे पाहिले. सोमाजीभाऊ खुर्चीत पुढे झुकले होते.

एक, दोन, तीन, चार. प्रवीणने चार मात्रा मोजल्या. त्याचा डावा हात मांडीवर होता. पाचव्या मात्रेला तो हात उठला आणि कीबोर्डच्या डाव्या टोकाला जाऊन बसला.

जमीन परत आली. दिव्यानीने त्या हाताकडे पाहिले. तिने तारांवरील बोटे काढून घेतली नाहीत. ते गाणे आणि त्यानंतरचे शेवटचे गाणे ती मुक्या तारांवर वाजवत राहिली, आणि प्रवीणचा डावा हात तिच्या बोटांच्या मागोमाग चालत राहिला.

मुली बसकडे धावल्या तेव्हा सोमाजीभाऊ खुर्च्यांमधून वाट काढत, हसत स्टेजपाशी आले.

"पोरी! खुर्चीच नाई, पायाखालची माती हालली. आन् शेवटचे दोन गाणे तं काय साफ! एकेक सूर मोजून घ्यावा. वरोऱ्याच्या कार्यक्रमाले तू पक्की."

दिव्यानी कोपरावर वायर गुंडाळत होती. प्रवीण कीबोर्डवर खोळ चढवत होता. तिने एकदा त्याच्याकडे पाहिले.

"भाऊ, शेवटचे दोन माये नव्हते."

"म्हंजे?"

"मशीन बसली होती. मी नुसते बोटं हालवले. तो प्रवीणभाऊचा हात होता."

सोमाजीभाऊंचे हसू गेले. ते स्टेजच्या काठावर टेकले.

"खरं हाये का रे, प्रवीण?"

"हो."

या शब्दाला लागूनच दुसरे वाक्य यावयास हवे होते. प्रवीणने त्यासाठी तोंडही उघडले. रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला, सोमाजीभाऊंनी मान वळवली आणि प्रवीणने खोळीची चेन ओढली.

"मशीन काऊन बसली?" त्यांनी दिव्यानीला विचारले.

"जोडी चुकली असन. मीच निवडली होती."

सोमाजीभाऊ काठावरून उठले.

"खरं बोलली, ते बरं केलं. मले हे कोणीच सांगितलं नसतं," ते म्हणाले. "पण ठरलं ते ठरलं, बाई. मशीनवर भरोसा नाई, तं मी पार्टीले काय सांगू? वरोऱ्याले डावा हातच घेऊ."

ते प्राचार्यांच्या खोलीकडे निघून गेले. दिव्यानी रडली नाही. तिने अजयकडून स्क्रू-ड्रायव्हर मागून घेतला आणि लहान बॉक्ससमोर मांडी घालून बसली.

"आता खोलून काय करते, पोरी?" अजय म्हणाला. "टेंपो भरू दे."

"मले पाहू दे. माई चूक कुठी झाली ते तं दिसलं पायजे."

पाठीचे आठ स्क्रू होते. पहिला निघाल्यावर तो ठेवण्यासाठी तिने न पाहता हात पुढे केला. प्रवीणने आपली ओंजळ धरली. एकामागून एक आठही स्क्रू तिने त्या ओंजळीत टाकले. पाठ बाजूला झाली. मोबाइलचा उजेड तिने आत पाडला.

आतल्या लाकडावर सुताराच्या जाड पेन्सिलीने लिहिलेले होते: 'जुने सोळाचे मिळाले नाहीत. आठचे दोन नवे बसविले. एकूण ४ ओहम. पाटी बदलणे.' खाली दिवाळीच्या आठवड्यातील तारीख होती.

बाबूभाईंनी स्पीकर बदलले होते. पाटी बदलावयाची राहून गेली होती, म्हणून दोन्ही बॉक्सचा एकत्रित आकडा चारच्या खाली गेला होता. मजकूर बाबूभाईंचा होता, परंतु अक्षर त्यांचे असणे शक्यच नव्हते. दिवाळीच्या त्या आठवड्यात दुकानात जो समोर उभा होता, त्याचे ते अक्षर होते. त्यातील चारच्या आकड्याची शेपटी खाली येऊन डावीकडे वळली होती, जणू कोणी ती हौसेने वळवली असावी.

दिव्यानीने शेजारी ठेवलेली गिटार थोडी कलती केली. तिच्या काठावर चिकटवलेल्या चिठ्ठीत चौथ्या गाण्यापुढे आकडा होता. त्याचीही शेपटी खाली येऊन डावीकडे वळली होती. तिने चिठ्ठी पाहिली, बॉक्सच्या आत पाहिले, पुन्हा चिठ्ठी पाहिली.

प्रवीण ओंजळ धरून उभा होता.

तिने चिठ्ठी नखाने सावकाश सोडवली, घडी घातली आणि बॉक्सच्या आत, त्या मजकुराच्या खाली ठेवली. मग पाठ लावली.

"स्क्रू द्या."

त्याने एकेक दिला. आठवा त्याच्या घामेजलेल्या तळहाताला चिकटला होता. काढल्यावर तेथे त्याचा ठसा उमटलेला दिसला. तिने तोही ठसा पाहिला. शेवटचा स्क्रू घट्ट करून ती उठली आणि बॉक्सच्या एका बाजूला हात घातला.

"तिकडून धरा, भाऊ," ती म्हणाली. "एकटीनं नाई उचलत."

त्याने धरले. दोघांनी तो बॉक्स टेंपोपर्यंत नेला.

कथा येथे संपते. एवढा वेळ देऊन ज्यांनी ती वाचली त्या सर्व वाचकांचे मी मनापासून आभार मानतो. हिची पहिली प्रत, वरोऱ्याच्या कार्यक्रमापूर्वी, मी स्वतः सोमाजीभाऊंच्या हाती देत आहे.

आपला नम्र,
प्रवीण मोहुर्ले
कीबोर्डवादक, चंद्रपूर