चादरीमागचा प्रेक्षक

लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये असताना विनायकराव दरवर्षी आपल्या लाडक्या विदूषकाचा मूकपट अंगणात चादर टांगून दाखवत. चादरीपुढे दाटी झाली की शेजारचे नायर मागच्या बाजूला बसून पाहत.

आता मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये घरोघरी केबल आली, तसं कुणी फिरकेना. यंदा एकटे नायर दोन बस बदलून आले. पण टीव्हीवर कॅसेट लागली तरी ते हसेनात.

"हँसते क्यों नहीं, यार?" विनायकराव खेकसले.

नायर ओशाळले. "साहब, वो लात तो बायें पैर से मारता था."

विनायकरावांच्या डोक्यात प्रकाश पडला. ते उठले आणि भिंतीवरचा आरसा उतरवून टीव्हीसमोर धरून उभे राहिले. नायर टीव्हीकडे पाठ करून बसले. आरशात डावा पाय उचलला गेला, आणि ते खदखदून हसले.