शेवंतीवरचा दिवा

थंडी पडली की बडनेरा रोडवरच्या त्या कॉलनीतल्या लोकांना बागेचा झटका यायचा आणि सहदेवला त्या लोकांची कीव. कोणी जुने टायर लाल-पिवळे रंगवून त्यात नर्सरीतली रोपं खोचायचं, कोणी अंगणात प्लास्टिकचं गवत अंथरून त्यालाच पाइपानं पाणी मारायचं. समोरच्या इंजिनिअरनं तर सिमेंटचे दोन बगळे आणून बसवले होते.

"बगळे कायले पायजेत?" सहदेव सुनेला म्हणाला. "मालक उभा राहिला तरी भागते."

करिश्मा हसली नाही. मामाजींचं हे रोजचंच होतं.

सहदेव जातीचा माळी. नांदगाव खंडेश्वरकडे त्याची सव्वा एकर फुलशेती. चाळीस वर्षं त्यानं झेंडू आणि शेवंती अमरावतीच्या बाजारात आणून ओतली. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा शेत पुतण्याच्या हवाली करून तो आणि बायको दुर्गाबाई मुलाकडे राहायला आले. मुलगा जीवन बडनेऱ्याला रेल्वेत. त्यानं घर असं ऐसपैस बांधलं होतं की झाडांसाठी गेटजवळची हातभर रुंद पट्टी तेवढी उरली. त्या पट्टीत दुर्गाबाईनं शेतातली पिवळी शेवंती लावली. फूल बुटकं, घट्ट, आणि पाकळीच्या पाठीवर तांबूस रेघ. तसलं फूल त्यांच्या शेताशिवाय दुसरीकडे सहदेवनं पाहिलं नव्हतं.

गेल्या मार्गशीर्षात दुर्गाबाई गेली. तेव्हा पट्टी फुलांनी पिवळी झाली होती आणि शेवटचा हार त्याच फुलांचा झाला. आता वर्षश्राद्ध आलं होतं. फोटोला हार घालायचा तो तिच्याच शेवंतीचा, हे सहदेवनं सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. दुर्गाबाईच म्हणायची, "माळ्याच्या घरी इकतचं फूल आलं तं समजा, घरचा माळी मेला."

त्यामुळे यंदा त्यानं त्या पट्टीसाठी जिवाचं रान केलं. जुन्या झाडांच्या मुळाशी फुटलेले कोंब, ज्यांना माळी काश्या म्हणतात, ते वेगळे करून नव्यानं लावले. शेतातून काळी माती आणि शेणखत मागवलं. वेळेवर शेंडे खुडले, सरकीची ढेप भिजवून घातली, मावा पडू नये म्हणून राख धुरळली. पाणी द्यायचं ते ऊन चढल्यावर. संध्याकाळी झाडं भिजवणाऱ्या शेजारणींकडे तो असं पाही, जसं काही त्या तान्ह्या पोराला थंड पाण्यानं न्हाऊ घालतायत.

आणि त्यानं दिवा लावला.

दिव्याचं कारण होतं देवमन. चार घरं सोडून राहणारा हा म्हातारा अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून रिटायर झालेला. तिथं तो कुंड्यांना चिठ्ठ्या चिकटवत असणार, असा सहदेवचा अंदाज. सकाळी फिरायला निघायचा तो हातात पॉलिथिनची पिशवी घेऊनच, आणि कंपाउंडबाहेर आलेली जास्वंद, चांदणी, जे सापडेल ते तोडून देवाला न्यायचा. गेल्या वर्षी दुर्गाबाईच्या शेवंतीवरही त्याचा हात पडला होता. सरकारनं जन्मभर शेतीचा पगार दिला आणि गड्याला चार झाडं लावता आली नाहीत, याची सहदेवला मनस्वी चीड होती. ज्याच्या हाताला माती लागत नाही त्याचा देवही उसनवारीच्या फुलांवर जगतो, असं तो चारचौघांत, देवमनला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायचा.

यंदा शेवंती या माणसाच्या हाती लागू द्यायची नाही म्हणून दसऱ्याच्या सुमारास त्यानं जीवनकडून गेटच्या खांबावर पांढरा भक्क दिवा बसवून घेतला. अंधार पडताच सहदेव तो लावायचा आणि पार उजाडल्यावरच बंद करायचा. पट्टीतलं पान न् पान दिसायचं.

शेवंती तरारली. हिरवीगार, भरगच्च, मांडीएवढी उंच. पण कळी धरेना. दिवाळी झाली, रंगवलेल्या टायरांतही फुलं डोलायला लागली, इंजिनिअरच्या बगळ्यांभोवती झेंडू फुटला. सहदेवच्या पट्टीत नुसता पाला. त्यानं आधी मातीला दोष दिला, मग नळाच्या पाण्याला, मग करिश्माच्या भांड्यांच्या साबणाला. तिनं त्या बाजूला कधी भांडी घासलीच नव्हती.

एका सकाळी देवमन गेटशी थांबला. "सहदेवभाऊ, राग नका मानू. हा दिवा बंद करा. शेवंतीले लंबी रात लागते. अंधारच भेटून नाई राहिला तिले, तं कळी कशी धरीन?"

सहदेव कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "अंधार तिले पायजे का तुमाले?"

देवमननं पिशवीची घडी केली, खिशात घातली आणि तो निघून गेला. सहदेवला हे उत्तर इतकं आवडलं की तीन दिवस त्यानं ते येईल त्याला ऐकवलं.

"मामाजी, आठ दिवस बंद करून पाहू न," करिश्मा म्हणाली.

"चाळीस वर्सं शेवंती लावली मी. दिव्याची भानगड कधी पाह्यली नाई."

पाहणार कुठून? शेतात रात्री लाइनच नसायची. पण चोराच्या तोंडून आलेली अक्कल घ्यायची म्हणजे सहदेवला मरणच.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी जीवननं विचारलं, "बाबा, इतवारा बाजारातून हार आणू का?" सहदेव उठून बाहेर गेला आणि एकेक झाड दोन्ही हातांनी फाकवून पाहत बसला. एकही कळी नव्हती. त्या रात्री तो जेवला नाही.

श्राद्धाच्या दिवशी फटफटताच तो घराबाहेर पडला, कुठं जायचं ते न ठरवता. देवमनच्या घरामागच्या बोळातून जाताना त्याचे पाय थांबले. मागच्या भिंतीशी तेलाचे चार जुने पत्र्याचे डबे होते आणि डब्यांवर पिवळा ढीग. बुटकी, घट्ट फुलं. त्यानं भिंतीवरून वाकून एक पाकळी उलटी केली. पाठीवर तांबूस रेघ.

म्हणजे फुलंच नाही, या माणसानं झाडंही चोरली होती. सहदेवच्या तोंडात शिवी आली. पण आज शिवीचा हार होणार नव्हता. त्यानं बोळात मागंपुढं पाहिलं, डोक्यावरची टोपी काढली, उलटी धरली आणि भिंतीवरून हात लांबवून फुलं तोडायला लागला. टोपी अर्धी भरली असेल.

"सहदेवभाऊ, फाटकातून या. तिकून हात नाई पुरत."

देवमन मागच्या दारात उभा होता, खांद्यावर टॉवेल. सहदेवचा हात फुलावरच राहिला. तरी तो गुरकावलाच, "ह्या काश्या माह्या वाफ्यातल्या हायेत."

"व्हय. गेल्या साली वयनीनंच देल्ल्या. म्हणे, एकाच जागी झाड असलं तं भरवसा नसते, भाऊ, दोन-चार तुमच्याकडं असू द्या."

"अन् फुलं? गेल्या साली रोज तोडली ते?"

देवमन थोडा घुटमळला. "ते बी त्यायनंच सांगतलं. आमच्या घरच्याले फूल इकता येते, देता नाई येत, म्हणे. तुमी सकाळीच तोडून नेत जा."

दुर्गाबाई असं म्हणाली असेल याबद्दल सहदेवला क्षणभरही शंका आली नाही. तो तिचाच शब्द होता, तिच्याच तोंडचा. लाज वाटली, आणि ती ह्या चिठ्ठ्या चिकटवणाऱ्यासमोर वाटली, याची त्याला अजून लाज वाटली. देवमननं जवळ येऊन उरलेली फुलं देठासकट खुडली आणि टोपी शिगोशिग भरली.

"काय द्याचं ह्याचं?" सहदेवच्या तोंडून निघून गेलं.

"दिवा बंद करा," देवमन म्हणाला.

सहदेव घरी पोचला तेव्हा ऊन गेटवर आलं होतं आणि खांबावरचा दिवा अजून जळत होता. दोन्ही हातांत टोपी होती म्हणून त्यानं कोपरानं बटण दाबलं.

करिश्मा सुईदोरा घेऊन बाहेर आली. फुलं पाहून ती चपापली. "इकतची आणली का, मामाजी?"

"नाई," सहदेव म्हणाला. "देल्लेली हायेत."