घाटावर गेलेलं शीड

जिनं माझ्या घरचं पाणीसुद्धा तोंडाला लावलं नव्हतं, त्या बाईसाठी मी नवऱ्याचं कोरं शीड देऊन टाकलं. आजही कोणी विचारलं तर ठणकावून सांगते.

आमचं घर दांडीला, समुद्राला लागून. बाहेरच्या खोलीत गोजराबाई भाड्यानं राहायची. तिचा नवरा शिवाजी तारापूरला अणुवीज केंद्राच्या बांधकामावर होता. माणसं घाटावरची, पाटणकडची. पहिल्याच दिवशी अंगणात वाळणारे बोंबील बघून तिनं पदर नाकाला लावला. मी म्हटलं, "बय, मोगऱ्याचा वास पायजे तर माळ्याकडं खोली बघ!" भांडलो, मग हसलो, मग मैत्रिणी झालो. पण तिची आई रखमाबाई भेटीला आली ती माळकरी, गळ्यात तुळशीची माळ. मी पाण्याचा तांब्या पुढं केला, तर तिनं मान फिरवली आणि दोन दिवसांत गावी परतली. असा संताप आला होता म्हणून सांगू!

त्याच वर्षी कोयनेचा भूकंप झाला. पहाटे आमच्याही फळीवरची भांडी थरथरली. मग निरोप आला, रखमाबाईचं घर भुईसपाट झालंय. म्हातारी वाचली, पण वरच्या वाडीत तंबू पोचले नव्हते. थंडी मरणाची, आणि ही उघड्यावर म्हशीजवळ बसलेली. इकडं ये म्हणून निरोप धाडला तर म्हणायची, "मुकं जनावर टाकून येऊ व्हय?"

बांधकामावरचे कामगार मदतीचा ट्रक पाठवत होते. दांडीतनं चादरी, लुगडी, तांदूळ गोळा झाले. शिवाजी ट्रकबरोबर निघाला होता. गोजराबाई रडत म्हणाली, "चादर पांघरून काय हुतंय? दंव पडतंय वरनं. डोक्यावर कायतरी पायजे."

मी माझ्या नवऱ्याकडं बघितलं. वामन जाळं विणत होता. मनानं मोठा माणूस, लगेच म्हणाला, "आपलं जुनं शीड देऊ."

मी जुन्या शिडाचं टोक नाकाशी धरलं. मला मासळीचा वास कळेना. कळणार कसा, जन्म गेला त्यात! पण रखमाबाई? तिला एका हाताच्या अंतरावरनं कळला असता. ती थंडीत मेली असती, पण त्याच्याखाली गेली नसती.

"नवं दे," मी म्हटलं.

"डोकं फिरलंय काय? अजून बोटीवर चढलं नाय ते. बोंबलांचा हंगाम हाय!"

"मग दे जुनं. म्हातारी बाहेरच बसेल, आणि आपण दिलं म्हणून मिरवू."

वामननं जाळं आपटलं आणि आत गेला. बराच वेळ भांड्यांचा आवाज आला. मग बाहेर आला तो खांद्यावर नवं शीड घेऊनच. शिवाजीला चार वेळा गाठ मारून दाखवली. "वाऱ्याकडची बाजू घट्ट बांध रे. उडालं तर बघ!"

तो हंगाम आमी फाटक्या शिडावर काढला. आमची बोट सगळ्यांच्या मागनं यायची. किनाऱ्यावरचे ओरडायचे, "वामन, पोहत आलास काय?" हा पठ्ठ्या छाती फुगवून म्हणायचा, "माझं शीड घाटावर कामाला गेलंय!" देवाशपथ, तेव्हा त्याची दृष्ट काढावीशी वाटायची.

होळीच्या तोंडावर रखमाबाई स्वतः आली. वाडीत पत्र्याचं घर उभं राहिलं होतं, म्हैस शेजारणीकडं ठेवली होती. शीड नदीवर धुऊन, घडी करून तिनं डोक्यावरनं आणलं होतं. अंगणात बोंबील वाळत होते. तिनं लेकीसारखा पदर नाकाला लावला नाय.

"नवं का दिलंस, त्ये शिवाजीनं सांगितलं मला," ती म्हणाली. "जुनं कुठंय?"

"ते नको मावशी, त्याला वास..."

"आण म्हणते न्हवं!"

मी आणलं. तिनं ते मांडीवर पसरलं, कमरेच्या चंचीतनं सुई काढली आणि फाटलेल्या जागी स्वतःच्या लुगड्याचं ठिगळ लावायला बसली. गोधडीला घालतात तसे बारीक, घट्ट टाके. माळ पुढं लोंबून शिडावर घासत होती. वामननं शिडाचं दुसरं टोक ताणून धरलं.

बराच वेळ शिवल्यावर, वर न बघता ती म्हणाली, "घसा सुकला माझा. पाणी आण की, पोरी."

मी तांब्या भरला. धावत आणताना अर्धं पाणी उंबऱ्यावरच सांडलं. उरलेलं ती घटाघटा प्याली आणि म्हणाली, "अजून आण."